झांबियाची मळकी नाणी

गाडी सुटायला आली तरी बाबा मला तब्येत सांभाळ, पत्र टाक, असलं काही सांगेनात. नागपूर स्टेशनवर खिडकीचे गज धरून ते म्हणाले, "तिथलं चलन बदलणार हाय म्हणते. जुनं बंद होयाच्या आधी मले एक एक नाणं ठेवजो. पण कोरं नको गा. वापरलेलं, मळलेलं पाहिजे." आई बाजूला डोळे पुसत होती, तिनं हे ऐकलंच नाही. मी झांबियात गणिताचा मास्तर व्हायला निघालो होतो आणि बापाला पडली होती चिल्लरीची. मला रागच आला.

बाबा शहर बसवर कंडक्टर होते. आणे जाऊन नये पैसे आले तेव्हा थैलीत पडणारं एकेक जुनं नाणं त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं. भोकाचा पैसा, चौकोनी दुआणी. झिजलेलं नाणं हातात धरून म्हणायचे, "याच्यावर किती माणसाईचे हात फिरले असतीन!" चकचकीत नाण्याकडे ते ढुंकूनही बघत नसत.

तांब्याच्या खाणींच्या त्या गावात पहिलं वर्षभर मी शाळा आणि खोली यापलीकडे कुठे गेलो नाही. पौंड-शिलिंग जाऊन क्वाचा येणार हे पक्कं झालं, तेव्हा केवळ बाबांसाठी बाजारात जाऊ लागलो. टमाटे विकणाऱ्या, चांदा नावाच्या तिथल्याच एका मावशीकडे मी भोकाची पेनी मागितली. कशाला, तिनं विचारलं. बापासाठी, म्हणालो. ती पोट धरून हसली आणि कमरेच्या कापडाची गाठ सोडून त्यातली सगळ्यात काळी पेनी निवडून दिली. पुढे तिच्याच घरी मी न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हातानं खायला शिकलो. शाळेतल्या पोरांनी शिलिंग आणून दिलं. एका खाणकामगारानं पक्ष्याचं चित्र असलेली, तेलकट डागांची नोट दिली. त्या नाण्यांच्या निमित्तानं मला तिथं माणसं मिळाली.

रजेवर निघालेल्या एका सहकाऱ्याबरोबर पुडकं घरी पाठवलं. बाबांचं उत्तर आलं : नाणी मिळाली, छान आहेत. बस्स. पुढे सगळं पावसापाण्याचं. मावशी दर शनिवारी विचारायची, बापाला आवडली का? मी हो म्हणायचो आणि आतल्या आत कुढायचो. घर सोडून गेलेल्या मुलाचं त्यांना काही नकोच आहे, अशी मी समजूत करून घेतली. माझीही पत्रं आखूड होत गेली. तीन वर्षं आम्ही बापलेक एकमेकांना फक्त खुशाली कळवत राहिलो.

मग रजा मिळाली आणि नागपूरला गेलो. जेवण झाल्या झाल्या आईनं एक डबा माझ्यापुढे उघडला. आत सगळी नाणी लखलखत होती.

"कशी कळकटली होती रे बाप्पा! तुह्या बाबाले दाखवाच्या आधी चिंच अन् राखेनं घासली. नोट बी साबणानं धुतली, दोरीवर वाळू घातली."

नोटेवरचा पक्षी कधीच उडून गेला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात घट्ट दाबला आणि मला अंगणात नेलं.

"तिले सांगू नको गा. दोन दिवस घासून राहिली होती. पोराचे हात लागले म्हणून एक एक नाणं पदरानं पुसे."

"मग मले काहून नाही लिहिलं?"

"पत्र पेटीत टाकाच्या आधी ती शेजारच्या पोरीकडून वाचून घेते ना."

मला रडूच कोसळलं. बाबा मात्र आत गेले आणि आईला म्हणाले, "दाखव वं त्याले, ते मोठं कसं चमकून राहिलं!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बाबा गेले, मी झांबियातच राहिलो. गावी राहिलेले म्हणतात, हा तिकडचाच झाला. माझ्यासारखे निघून गेलेले विचारतात, परत कधी जाणार? माझी मुलं तर थेट विचारतात, आपलं घर नेमकं कुठलं? पूर्वी मी नागपूरचा पत्ता सांगायचो. आता सांगतो, एका माणसाची जिवापाड आवडती गोष्ट बायकोच्या हातून नासली, आणि त्यानं तिला ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. मी त्यांच्या घरचा.