काथ्याचा शेठ

मानमोडीच्या साथीत आमच्या गावातले, भाट्यातले, कितीतरी खलाशी गेले. माझा नवराही त्यातच गेला. वाचले त्यांनी मुंबईच्या गिरण्या धरल्या. पुढे काही वर्षं उलटली तरी खाडीकाठची गलबतं तशीच कलंडून पडलेली असत आणि नारळाची सोडणं परसात कुजत. मला घरात बसवत नसे. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायला घ्यायची.

थोरल्या दिरांनी मुंबईतल्या एका शेठला गळ घातली होती. काथ्याचा कारखाना काढा, पैसा तुमचा, सोडणं आणि माणसं आमची. शिमगा झाल्यावर तो खरंच बोटीने आला.

त्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिरांनी शेठला खाडी दाखवली, माड दाखवले, मग ओटीवर बसवून पन्हं दिलं. मी माजघराच्या दाराआड उभी होते.

"कामाला गडी मिळतील?" शेठने विचारलं.

"हवे तेवढे," दीर म्हणाले.

"वाटेत तर मला म्हातारेच दिसले."

"बाकीचे लाकडांना गेलेत, रानात."

रानात कोणी नव्हतं. मला वाटलं, या भरवशावर हा माणूस कारखाना घालील, गडी न मिळाल्यावर कुलूप लावून जाईल आणि मग भाट्यात पैसा घालायला कोणी फिरकणार नाही. परक्या पुरुषासमोर विधवेने बोलायची आमच्यात रीत नव्हती. तरी मी दाराआडूनच बोलले.

"गडी नाहीत. काही साथीत गेले, काही मुंबईस. बायका आहोत. आम्हाला सुंभ वळता येतं."

मग शेठने विचारलं, "बायका रोज येतील?"

"पोरं बरोबर आणू दिलीत तर येतील."

तो होय-नाही काहीच न बोलता संध्याकाळच्या तरीने खाडीपलीकडे गेला. दीर आत आले. "घराची अब्रूही गेली आणि कारखानाही," म्हणाले. त्यांचं खरं असेल, अशी मलाही धास्ती होती.

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या. कसलीच खबर येईना. भात लावताना, गोठा झाडताना, जेवताना माझ्या डोक्यात तेच. आपण गप्प बसायला हवं होतं का? शेजारणी विचारीत, "तुझा शेठ कधी येतो गो?" आणि हसत.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या, आणि एक दिवस शेठचा कारकून सुतार बरोबर घेऊन दारात उभा राहिला. सुंभ वळायचे रहाट बसवायचे होते. तो दिरांना म्हणाला, "दाराआडून बोलल्या त्या बाईंनाच देखरेखीला ठेवा, असं शेठचं सांगणं आहे."

दीर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण माल बंदरावर पोचवायचं काम त्यांनीच उचललं. रहाटांवर घातलेल्या छपराखाली बायका जमल्या. पहिले काही दिवस हात चालत आणि गेलेल्यांच्या आठवणी निघत. पुढे सुंभाच्या भावाच्या गोष्टी निघू लागल्या.

मग मंदी आली आणि शेठने हात आखडता घेतला. रहाट मात्र त्याने आमच्याकडेच राहू दिले. त्या हंगामात आम्ही स्वतःच्या हिमतीवर माल काढला. माल विकत घ्यायला आलेल्या गलबताचा तांडेल भाव पाडून मागू लागला. मी सुंभाचं वेटोळं उचलून परत छपराखाली ठेवलं. भरतीला गलबत सुटायच्या आधी तो आमच्या भावाला कबूल झाला.