आत्याचं छापील निधन

माझ्या आत्याच्या निधनाची बातमी सर्वांत शेवटी कळली ती आत्यालाच.

मी भिवंडीत राहतो आणि कथा-कादंबऱ्या लिहितो. (खिडकीखाली कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट असल्यामुळे माझी पात्रं ओरडून बोलतात, असं एका समीक्षकाचं मत आहे.) एका दिवाळी अंकात माझी कथा आली. पहिलं वाक्य होतं, 'वडप्याची आत्या गेली.' कथा शंभर टक्के काल्पनिक! पण वडपे गाव खरं, आणि तिथली माझी सख्खी आत्याही खरी.

कशेळीचा माझा चुलतभाऊ बळीराम म्हणजे माझा हक्काचा वाचक. तो पहिल्याच वाक्याला थांबला आणि त्याने मोबाइल उचलला. पार वळ गावापर्यंतच्या सगळ्या भावकीला कळवून शेवटी फोन मला.

"दत्ता, वडप्याची आत्या गेली आणि तू घरात बसलास?"

'अरे, ते तर मीच लिहिलंय' एवढं म्हणायला हवं होतं, पण त्या क्षणी स्वतःचीच कथा मला आठवली नाही. मी मटकन बसलो आणि ओक्साबोक्शी रडायला लागलो! बायको धावत आली.

"अहो, काय झालं?"

"आत्या गेली गं!"

तीही रडू लागली. (तिनेही कथा वाचली नव्हती, हे मला नंतर कळलं.)

आता बाबांना सांगायचं कसं? शेताच्या बांधावरून त्यांचा आत्याशी अबोला होता. पुढे त्या शेतावर गोदाम उभं राहिलं, बांध त्याखाली गडप झाला, अबोला मात्र शाबूत! बाबांनी ऐकलं, टोपी घातली आणि अनवाणीच रिक्षात बसले. वाटभर एकच, "एकदा तरी बोलायला हवं होतं रे..."

वडप्याला पोचलो, तर आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली!

"बाय गं!" म्हणत बाबांनी लहान पोरासारखी तिला मिठी मारली. तांदूळ अंगणभर. तेवढ्यात मागून बळीराम आला, हातात भलामोठा हार.

"काय रं, कोन गेलं?" आत्याने घाबरून विचारलं.

"तू!" बळीराम म्हणाला. "छापून आलंय!"

त्याने पिशवीतून अंक काढला. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला तिथल्या तिथे गोदामाखाली जावंसं वाटलं.

"दत्ता," आत्या म्हणाली, "मला मारलंस कशानं?"

"झोपेत, आत्या. अजिबात त्रास झाला न्हाय."

"मग ठीक हाय. आता सगळे जेवून जा."

बळीरामचा हार देवांना गेला. बाबा आणि आत्या एका ताटात जेवले. "मीठ कमी हाय," बाबा म्हणाले. "तुझी जीभच खारट," आत्या म्हणाली, आणि दोघं डोळे पुसत हसत राहिली. मी मनातल्या मनात संपादकांचे, बळीरामचे आणि त्याच्या अर्धवट वाचनाचे आभार मानले.

परतताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या लिहिण्याचा कोणालातरी उपयोग झाला बघ."

आजवर मला एकही पुरस्कार नाही. पण भावकीत कुठेही अबोला झाला की फोन येतो, "दत्ताभाऊ, दोघांपैकी एकाला जरा मारा ना! आणि कथा लांबवू नका, पहिलं वाक्य पुरे."