डेल्मरचा अडतीस फुटी ट्रेलर

डेल्मर क्रेब्स माझा तीस वर्षांपासूनचा शेजारी. एवढ्या वर्षांत त्याने कुठलीही गोष्ट पुरती मोजलेली मी पाहिली नाही. टायरच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर त्याने पिकअपमागे ओढायचा राहता ट्रेलर घेतला आणि दारावर देशाचा नकाशा चिकटवला. ज्या राज्यात मुक्काम केला, ते नकाशावर रंगवायचं, अशी रीत. डेल्मरने अकरा राज्यं आधीच रंगवून टाकली. "जाणारच आहे की, बाई!" मला म्हणाला.

त्याची बायको लोरीन मात्र शहाणी. तिची बहीण आयडेल शेजारच्या राज्यात असते. मी आणि आयडेलने एकाच शाळेत तिसरीचे वर्ग सांभाळले. ऑक्टोबरात आयडेलच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. शुक्रवारी सकाळी सातला तिला आत नेणार होते. त्याआधी लोरीनला तिचा हात धरून बसायचं होतं, एवढंच. आयडेलच्या घरी दोन खोल्या रिकाम्या होत्या, तरी डेल्मरने ट्रेलर जोडलाच. म्हणजे जोडला लोरीनने. हा खिशात हात घालून "डावीकडे, डावीकडे" करत होता. मी मागच्या सीटवर बसले.

गुरुवारी दुपारी राज्याची हद्द ओलांडून दहा मैल गेलो, तोच मागे निळे दिवे लागले. पोलीसबाईंनी आम्हाला विसाव्याच्या जागेत घेतलं आणि टेप काढली.

"बेचाळीस फूट. या राज्यात चाळीसच चालतात."

"अडतीस आहे! मी स्वतः मोजलाय, भिंतीपासून भिंतीपर्यंत."

"आणि पिकअपला जोडायचा हा पुढचा दांडा?"

"दांड्यात कोण राहतं, मॅडम?"

"आम्ही दांडा धरून मोजतो. परवान्याला दोन दिवस लागतील. तोवर ट्रेलर इथून हलवायचा नाही."

"आमच्या राज्यात तर..."

"ते मागे राहिलं, आजोबा."

आजोबा हा शब्द त्याला फार लागला. पोलीसबाई निघून गेल्यावर अर्धा तास त्याने आम्हा दोघींना नागरिकांच्या हक्कांवर व्याख्यान दिलं. लोरीनने तीनदा घड्याळ पाहिलं.

"डेल्मर, राहू दे ना तो इथेच. चल."

"नवा कोरा ट्रेलर वाऱ्यावर सोडू? दोन दिवसांनी जाऊ. आयडेल काय कुठे पळून चालली आहे?"

मी शाळेत मठ्ठ मुलं पुष्कळ पाहिली. त्यातलं एकही इतकं मठ्ठ बोललं नसतं.

लोरीन खाली उतरली. चाकांना ठोकळे लावले, साखळ्या सोडल्या, दिव्यांची वायर ओढली, दांडा वर उचलून पिकअप मोकळा केला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"अगं, आणि मी?" ट्रेलरपाशी उभा डेल्मर म्हणाला.

"तुझा ट्रेलर आहे ना? सांभाळ त्याला. फ्रीजमध्ये खिम्याचा मीटलोफ आहे."

"मार्गी, तू तरी सांग हिला!"

मी काच वर केली.

लोरीनने गाडी रस्त्याला लावली आणि आरसा सारखा केला. मैलभरावर पेट्रोलपंपाशी थांबून मला म्हणाली, "पुढे येऊन बस गं. आता जागा आहे."