‘मिलवाले हैं’ – एवढंच म्हणाले होते मी

आई होती तोवर तिला सांगितलं नाही. बहिणीला तर नाहीच – तिच्या पोटात तीळ भिजत नाही. खजराण्याला गणपतीसमोर हात जोडून उभी राहते, तेव्हाही ओठ शिवलेले. देवाला सगळं ठाऊकच असतं म्हणतात ना, मग सांगायचं कशाला – असं म्हणून दर बुधवारी मी नारळ वाढवून घरी येते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाजीवाल्याकडे भेटणार नाही.

तशी मी फटकळ बाई. टेलिफोनच्या ऑफिसात काउंटरवर जन्म काढला, पब्लिक मला टरकून असायची. तोंड कधी थांबलं नाही. पण या एका गोष्टीपाशी आलं की घोडं पेंड खातं. म्हणून जरा लांबून येऊ द्या. गाडीपासून सुरू करते.

एका सरदार घराण्याची विलायती गाडी होती – फिकट हिरवी, चार दारांची, दारांना पितळी मुठी. माझे वडील त्या घरचे ड्रायव्हर. आम्हा दोघी बहिणींना ती गाडी पुसायला मिळायची, बसायला नाही. पुढे वडील गेले, सरदारसाहेब गेले, आणि गाडी तबेल्यात विटांवर चढवून ठेवली, ती वीस-बावीस वर्षं तशीच. मग ते उदारीकरण का काय ते आलं. जो तो दुकानं काढायला निघाला. सरदारसाहेबांच्या नातवाने तबेला पाडायला घेतला, कबाडी दारात येऊन उभा राहिला. मला कळलं, तशी ऑफिसातून हाफ डे टाकून गेले आणि म्हणाले, ही मी घेते.

चालवता येत होती का मला? छे! सायकलसुद्धा धड नाही. चाळिशीची बिनलग्नाची बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हौसेने काय घेतलं, तर डबडं. इंदूरला रामबागेत आमच्या अंगणात पत्र्याखाली ती ढकलत आणली, तेव्हा शेजारचे काका हसून म्हणाले, “मैडमजी, आपने तो हाथी पाल लिया.” आईने तीन दिवस अबोला धरला.

दोन-तीन मेकॅनिक येऊन गेले. बोनेट उघडायचे, आत उंदरांनी केलेलं घर बघायचे, चहा पिऊन निघून जायचे. शेवटी कुणीतरी गंगाधरजींचं नाव सांगितलं. मिलमध्ये सूतकताईच्या रिंग खात्यात फिटर होते. होते म्हणजे – मिल नुकतीच बंद पडली होती. गेटला टाळं, मशिनं आत, माणसं बाहेर. मोटारीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पहिल्या रविवारी सकाळी आले, चप्पल पायरीशी काढली – गाडीपाशी जाताना, बरं का, घरात येताना नव्हे – भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “ताईजी, शेवटी मशीनच आहे ना? मग ऐकेल.”

इंजिन पार जाम होतं. त्यांनी प्लग काढून आत रॉकेल नि तेल ओतायला सांगितलं, रोज थोडं थोडं. संध्याकाळी आई तुळशीपाशी दिवा लावायची आणि मी इकडे गाडीला तेल पाजायची. तिसऱ्या रविवारी त्यांनी पुढून हँडल घातलं, सगळा भार टाकला, आणि आतून ‘कच्च’ असा एवढासा आवाज आला. केसभर हललं. अहो, केसभर! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे हसलो, असे हसलो की आई पदराला हात पुसत बाहेर आली.

पाण्याच्या पंपाचा दांडा गंजून गेला होता. अख्ख्या शहरात मिळेना. तर त्यांनी घरी पडलेली मिलमधली एक चाती आणली – ज्यावर सूत गुंडाळतात ती पोलादी काडी – ओळखीच्या लेथवर घासली आणि बसवून टाकली. म्हणाले, “आयुष्यभर फिरलीय, हिला दुसरं काही येतच नाही.” मग वायरी झाल्या, ब्रेक झाले, कार्बोरेटर झाला. काम करताना वायसर दातांत धरायचे, म्हणून बोलणं कमी. मी आपली शेजारी पाट टाकून पाने पुढे करायची. कोणता पाना लागणार, ते मला न मागता कळायला लागलं.

आता आलंच आहे तोंडावर, तर सांगते. मी रविवारची वाट बघायला लागले. गाडीसाठी नाही.

शनिवारी केस धुवायची. पोहे करताना बडीशेप जरा जास्त घालायची, त्यांना आवडते म्हणून. फाटकाची कडी वाजली की आधी आरशात बघून मगच बाहेर यायची – त्या वयात! त्यांच्या मनात काही नव्हतं, हे नक्की समजा. घरी वहिनी होत्या, दोन मुली होत्या, वहिनी पापड लाटून घर ओढत होत्या. मला ते ताईजी म्हणायचे आणि ताईजीसारखंच वागवायचे. पण माझ्याशी कुणी कधी असं तासन् तास बसलंच नव्हतं हो. आमच्या घरात पुरुषाचा आवाज म्हणजे रेडिओ. ते मिलच्या झांकीच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्याच्या, गोष्टी सांगायचे. अनंत चतुर्दशीला त्यांच्या झांकीतला हनुमान गदा उचलायचा, ते यंत्र त्यांनी बनवलेलं. मिल बंद पडली त्या वर्षीही गणपतीत सगळे जमले आणि झांकी काढलीच. पगार नाही आणि हनुमानाची गदा वर! हे आमच्या इंदूरलाच जमतं.

मी कुठे येतेय, ते तुमच्या लक्षात आलं असेल कदाचित. आलं नसेल तर बरंच.

ए.बी. रोडवर नव्या गाड्यांचं मोठं शोरूम उघडणार होतं, मागे वर्कशॉप. काचा, एसी, कारागिरांना निळा ड्रेस. गंगाधरजींनी तिथे अर्ज केला. मोटारीचं काम येतं का, असं विचारलं, तर त्यांनी माझं नाव दिलं – ताईजींना विचारा, त्यांची गाडी करतोय. मला येऊन सांगितलं तेव्हा चेहरा असा उजळला होता की बस. म्हणाले, रविवारी मात्र यायला नाही जमणार मग. शोरूमची सुट्टी मंगळवारी. गाडीचं उरलेलं एखाद्या पोराला समजावून देतो.

मी म्हटलं, वा, छान झालं. आणि आत जाऊन पातेल्यात दूध होतं ते दोनदा उतू घालवलं.

त्याच आठवड्यात शोरूमचा मॅनेजर आमच्या ऑफिसात आला. त्याला फोनची लाइन हवी होती. फॉर्म भरता भरता म्हणाला, “मैडमजी, वो गंगाधर आपकी पुरानी गाड़ी पे काम करता है ना? आदमी कैसा है?”

मला किती वेळ होता सांगू? शिक्का उचलून फॉर्मवर मारेपर्यंतचा. तेवढ्यात माणूस काय काय विचार करतो! मंगळवारची सुट्टी आठवली. पाट आठवला. माझ्या तोंडून आधी खरं आलं – “हाथ बहुत अच्छा है.” आणि मग मी जराशी थांबले. मुद्दाम थांबले. आणि म्हणाले, “बाकी... मिलवाले हैं, भैया.”

बाहेरगावच्या माणसाला यात काही वाटणार नाही. मिलमध्ये होते, मिलवाले म्हणाले – खोटं काय त्यात? पण त्या दिवसांत इंदूरमध्ये नोकरी देणाऱ्याच्या कानात तो शब्द टाकायचा म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक. मिलवाला म्हणजे लाल झेंडा, गेट मीटिंग, घेराव. आज घ्याल, उद्या तुमच्याच दारात सतरंजी टाकून बसेल. गंगाधरजी कसले झेंडे नाचवतात! सभेत मागे उभे राहून कुणाचं घड्याळ दुरुस्त करणारा माणूस तो. हे मला माहीत नव्हतं? सगळ्यांत जास्त मलाच माहीत होतं.

मॅनेजर म्हणाला, “अच्छा-अच्छा, समझ गया,” आणि पावती घेऊन गेला. त्याच्या मागे रांग होती. मी पुढच्याला ओरडले, सुट्टे पैसे आणा म्हणून.

एकही अक्षर खोटं बोलले नाही मी. म्हणून तर ते परत घेता आलं नाही. खोटं असतं, तर धावत जाऊन चुकून बोलले म्हणाले असते. खऱ्याचं काय करणार?

पुढच्या रविवारी गंगाधरजी आले, नेहमीच्या वेळेला. कामाला बसण्याआधी त्यांनी विचारलं, “ताईजी, शोरूमचं कुणी आलं होतं का तुमच्याकडे?” आणि इथे मी धडधडीत खोटं बोलले. म्हणाले, नाही हो, कुणीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “बरं.” गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही. मला वाटलं, सुटले.

शोरूमने त्यांना घेतलं नाहीच, आणि आणखी सहा रविवार मिळाले मला. सहाच. सातव्याला गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग ढगभर काळा धूर सोडला, आणि मग अशी लागली की पत्रे थरथरायला लागले. हाथी पाल लिया म्हणणारे काकाच पेढे घेऊन आले. आईने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आम्ही गावाबाहेर पार बेटम्यापर्यंत गेलो. आई मागे बसल्या बसल्या झोपली. मी पुढे, त्यांच्या शेजारी. दोन्हीकडे गहू उभा होता. सरळ रस्ता लागला तसे ते म्हणाले, धरा तुम्ही. मी स्टिअरिंग धरलं आणि त्यांनी त्याच्या कडेला एक बोट ठेवलं, फक्त एक. मैलभर तसेच गेलो. आजही डोळे मिटले की मला ते बोट दिसतं, नखात काळं तेल गेलेलं. परत एकदा, एकदाच तो रस्ता मिळावा असं वाटतं. त्या दिवशी मी मनापासून खूश होते. एका घराची चूल विझवून आले होते, आणि खूश होते. जराही लाज वाटली नाही. कबुली द्यायची, तर तिथलीच द्यायला हवी.

गाडी झाली, यायचं कारण संपलं. महिन्याभरात त्यांना सुरतेत कुठल्याशा लूमवर काम मिळालं. मिलमधल्या फिटरला लूमवर हेल्परची जागा. एका खोलीत आठ जण राहायचे. वहिनी नि मुली इथेच. सणाला यायचे, पण आमच्याकडे नाही.

चारेक वर्षांनी वहिनी आल्या, थोरलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. मी त्यांना बसवलं, चहा केला. गाडीकडे बघत त्या सहज म्हणाल्या – रागाने नाही, सहज – “तेव्हा मी खूप भांडले हो यांच्याशी. शोरूमच्या साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं ना यांना शनिवारी, की तुमच्या मॅडमच म्हणाल्या, मिलवाले आहेत. मी म्हटलं, मग उद्या कशाला जाता त्यांच्याकडे? तर म्हणाले, मशीन उघडून ठेवलंय. उघडं मशीन टाकून फिटर जात नाही.”

शनिवारी. आणि मला विचारलं ते रविवारी.

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी ‘कुणीच नाही’ म्हणाले, तेव्हा माहीत होतं. सहा रविवार माहीत होतं. बेटम्याच्या रस्त्यावर, ते एक बोट ठेवून बसले होते तेव्हाही.

वहिनी चहा पीत होत्या. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, बिस्किट घ्या ना. एवढं तोंड माझं, आणि बिस्किट घ्या!

लग्नाला गेले. धर्मशाळेच्या अंगणात पंगत बसली होती. गंगाधरजी थकले होते, उजव्या हाताचं एक बोट लूममध्ये गेलं होतं. मला बघून लगबगीने आले, पाटाखाली सतरंजी सारखी केली, स्वतः वाढायला उभे राहिले. माझ्या शेजारचे पाट अजून रिकामे होते, बोलायचं तर हीच वेळ. विचारलं, “ताईजी, काय देऊ?”

मी म्हणाले, जिलबी. त्यांनी दोन वाढल्या. मी खाली मान घालून खाल्ल्या, आणि आणखी एक मागून घेतली.