फाटकावरची हाळी

मी दुधाची गाडी चालवतो, त्यामुळे दहा गोठ्यांत माझं नाक खुपसलेलं असतं. हाळीमामांच्या गोठ्यात जरा जास्तच. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. दिवस कलला की ते फाटकाशी उभे राहून "होऽऽ येऽऽ" अशी हाळी द्यायचे आणि टेकडीवरच्या गायी चरणं सोडून खाली निघायच्या. गायीच काय, शेजारीणसुद्धा गॅस बंद करून बाहेर डोकावायची.

उतारावर पडून मामांचा गुडघा कामातून गेला, तेव्हा लेकीनं गायींच्या गळ्यात पट्टे बांधले. मोबाईलवर टेकडीचा नकाशा दिसतो, त्यावर बोटानं रेघ ओढायची. गाय तिथवर आली की पट्टा वाजतो, तरीही पुढे गेली तर झटका बसतो. कामावरून आली की ती रेघ सरकवत सरकवत गायींना घरी आणायची. बाप पुन्हा त्या उतारावर जाऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. तिची चूक नव्हती, हे मी कुणाशीही भांडून सांगेन.

पण मामांना घरात बसवेना. लेक यायच्या आधीच, आपल्या ठरल्या वेळेला, ते फाटकाशी जाऊन हाळी द्यायचे. लांबचं त्यांना दिसत नसे. वरून गायी हंबरायच्या, मामांना वाटायचं, ओ देताहेत. ते खूश होऊन घरात यायचे.

मग दूध घटलं. लेकीनं मोबाईल तपासला, तर रोज त्याच वेळी, त्याच जागी झटके. सगळ्यात जास्त म्हाताऱ्या तांबडीला. मी कॅन उचलत होतो, तेव्हाच तिनं सांगितलं, "बाबा, तुम्ही बोलावता म्हणून त्या धावत येतात. आणि झटके खातात."

मामा बादलीवर बसले. "म्हणजे मीच?" एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडाला कुलूप. पाणी हवं असलं तरी भांडं वाजवायचे. माझ्याशी हुज्जत घालायचे, तेही संपलं. मला त्या पट्ट्यांचा असा संताप यायचा, की काढून विहिरीत टाकावेत!

शेवटी लेकीलाच राहवेना. एके दिवशी मी गोठ्यात असतानाच ती लवकर घरी आली. म्हणाली, "बाबा, रेघ पुसलीय. आज बोलवा त्यांना."

मामांनी दोनदा घसा खाकरला. हाळी दिली. आवाज चिरकला. गायींनी माना वर केल्या, क्षणभर थांबल्या आणि पाठ फिरवून वर चढू लागल्या.

एकटी तांबडी आली. रेघ होती तिथपर्यंत आली आणि थबकली. पाय थरथरत होते.

"ये गं, काही नाहीये तिथं!" लेक ओरडली.

"तिला कसं कळणार, बाळा?" मामा म्हणाले. त्यांनी फाटक उघडलं, माझा खांदा धरला आणि तो गुडघा ओढत ओढत तांबडीपर्यंत गेले. पट्ट्याखाली हात घातला, तशी ती दचकली. मग उभी राहिली.

"चुकलं गं माझं," ते तिच्या कानाशी म्हणाले. इतकं हळू, की शेजारी असून मला ते त्यांच्या ओठांवरूनच कळलं.