गाण्यातली शिट्टी

स्टुडिओत त्याला सगळे नाकमुरडे म्हणत, आणि ते त्याचं आडनाव नव्हतं. गिटार घेऊन आत यायचा, समोरचा गाण्याचा कागद वाचायचा आणि तोंड वाकडं करायचा. मग मात्र अशी वाजवायचा, की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट मान डोलवायचा. गिटार ह्याची, रेकॉर्डच्या कव्हरवर नाव दुसऱ्याचं. गाणीही कसली, तर गुळगुळीत, दर कडव्याला मुळूमुळू रडणारी. लोक ती डोक्यावर घेऊन नाचत. लोकांना काय कळतंय, हे त्याचं ठाम मत. मत बनवायला त्याला कधीच वेळ लागला नाही.

खास राग होता तो गीतकारावर. मफलर गुंडाळून फिरणारा तो मऊ आवाजाचा माणूस स्वतःच लिहायचा, स्वतःच गायचा आणि स्वतःच हळवा व्हायचा. एकदा 'तू गेलीस, खुर्ची राहिली' असल्या कुठल्याशा ओळीवर त्याने डोळे टिपले, तेव्हा नाकमुरडेला राहवलं नाही. कडवं संपताच त्याने ओठांचा चंबू करून रडक्या सुरात एक लांबलचक शिट्टी घातली. निव्वळ खोड काढायला. बाकीचे वादक हसू दाबत बसले. माईक चालूच होता. गीतकाराने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "हे ठेवा."

गाणं तुफान चाललं, तेही त्या शिट्टीवर. ती आपल्याला झोपेत सुचली, असं गीतकार जिथे तिथे सांगत सुटला.

ती शिट्टी रेकॉर्ड झाली, त्याच आठवड्यात नाकमुरडेचं लग्न झालं होतं. शिट्टी नवऱ्याची आहे, हे बायकोला ठाऊक होतं. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती तेवढीच धून गुणगुणायची.

"बंद कर ते रडगाणं," तो खेकसायचा. ती हसायची आणि जरा हळू गुणगुणायची. तिचीही अक्कल तेवढीच, असं तो चारचौघांत सांगायचा.

म्हातारपणी एक रेडिओवाली मुलाखतीला आली. गाजलेल्या गाण्यांमागच्या वादकांवर कार्यक्रम होता. अखेर कोणीतरी विचारलं, म्हणून स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून फुगून बसली.

"त्या शिट्टीत एवढी माया कुठून आली हो?" रेडिओवालीने विचारलं. शहाणा माणूस इथे गप्प बसला असता.

"माया कसली? टिंगल होती ती. त्या मफलरवाल्याची चेष्टा केली मी. आणि लोक इतके मूर्ख, की तेवढ्यावर रडत बसले. आमच्या घरातही एक नमुना आहे."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने कप ठेवले, साखर किती ते विचारलं. रेडिओवाली गेल्यावर म्हणाली, "लग्नाच्या आठवड्यातली, म्हणून मला वाटायचं माझ्यासाठी असेल."

"मी कधी म्हणालो तसं?"

"नाही. मीच विचारलं नाही."

कार्यक्रम लागला, फोन आले, नाव झालं. घरातलं गुणगुणणं मात्र थांबलं. भांडी मुकाट घासली जायची, कपडे मुकाट वाळत पडायचे. आयुष्यभर ज्याला ते नको होतं, त्यालाच आता करमेना. पेपर तोंडासमोर धरून तो नुसता कान लावून बसायचा. बरी अद्दल घडली.

एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. ओठांचा चंबू केला. पुढचे दात गेले होते, त्यामुळे निम्मी हवाच निघाली. पण धून तीच होती, आणि पहिल्यांदाच ती त्याने मनापासून वाजवली.

बायकोने वळून पाहिलं नाही. नळ बंद करून हात पुसले.

"आता कोणाची टिंगल चाललीये?" तिने विचारलं.