मी वेस पाडली नाही, फक्त फोटो काढला

माझ्या मामांच्या गावची वेस मी पाडली, असा माझ्यावर आरोप होता. मी तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी फक्त तिचा फोटो काढला होता.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, मोठी लढाई सुरू व्हायच्या जराशी आधीची. मी हिंगोलीत कापसाच्या एका जिनात कारकून होतो आणि बदली होऊन चाललेल्या एका अंमलदाराकडून त्याचा जुना पेटी-कॅमेरा घेतला होता. सुरुवातीला मी माणसांचे फोटो काढले. वडिलांना फोटोत तीन मिशा आल्या. आईला तोंडच आलं नाही. (वडील म्हणाले, "हा झकास आलाय!") माणसं हलतात, त्याला मी काय करणार? म्हणून ठरवलं, इथून पुढं जुन्या इमारतींचेच फोटो काढायचे. गढ्या, बारवा, देवळं, वेशी. पिढ्यान्‌पिढ्या जागची न हललेली मंडळी! "हे सगळं एक दिवस जाणार आहे हो, याची आठवण जपली पाहिजे," असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो.

इतक्या लवकर जाईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

मामांचं गाव डोंगरकड्याजवळ. धोंडीमामांची शेती गावात सगळ्यांत मोठी आणि आवाज शेतीपेक्षा मोठा. त्यांची थोरली, काशी, मला द्यायची हे दोन्ही घरांत बोलून झालेलं होतं. तेच पक्कं करायला दिवाळी झाल्यावर मी निघालो आणि काखोटीला कॅमेरा घेतला. (लोक नारळ घेतात.)

गावात शिरतानाच वेस पाहिली आणि मी विरघळलो. खाली काळा दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत, कमानीच्या फटीत उगवलेला पिंपळ, दोन्ही अंगांनी थापलेल्या गोवऱ्या! मामांच्या मात्र तिचं नाव काढलं की अंगाची आग व्हायची. कापसाची भरलेली गाडी तिच्यातून जायची नाही. गेली तर वेस निम्मा कापूस ठेवून घ्यायची. "पाडा तिला!" म्हणून मामा दर सुगीला चावडीवर ओरडायचे आणि गाव "न्हाई" म्हणायचं. कारण एकच, मामा "पाडा" म्हणतात.

"हिचा फोटो काढून राहिला तू? काहून?" मामा वेशीतच कडाडले.

"ही गेल्यावर आठवण राहील, मामा."

"अरे, ही कधी जाती याचीच वाट पाहून राहिलो मी!"

हे वाक्य मामा हळू बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मामांचं हळू बोलणंदेखील शिवारापर्यंत जायचं.

मी पेटी पोटाशी धरली, मान खाली घालून काचेत पाहिलं, श्वास रोखला आणि खटका दाबला. घरी गेलो, हातपाय धुतले. मामींनी धपाटे वाढले. पहिला घास तोंडाशी नेतोय तोच धडाडधूम!

वेस बसली होती. एकटीच, आपल्या आपण. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, एक शेळी तेवढी त्या दिवशी दूध द्यायची विसरली. धुरळा खाली बसायच्या आत मला चावडीवर नेऊन बसवलं.

गावातले सगळ्यांत म्हातारे रावजीबुवा पंचांचे मुख्य, आणि गवाही देणारेही तेच.

"म्या सोता पाह्यलं," बुवा म्हणाले. "ह्यो वेशीपुढं उभा राह्यला. पोटाशी डबडं धरलं. मान खाली घातली. तोंडातल्या तोंडात मंतर म्हणला..."

"मी ऊन कुठून येतंय ते पुटपुटत होतो!"

"...आन डबडं खटकन वाजलं!"

"खटकन?" चावडी दचकली.

"खटकन!"

झालं. फोटो काढला की माणसाचं आयुष्य कमी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतंच. वेशीचं मुळातच थोडं उरलेलं, ते एका खटक्यात संपलं. आणि मामांनी भाचा मुद्दाम हिंगोलीहून मागवला, हे तर लेकरालाही कळत होतं!

मग जे सुरू झालं त्याला मी तयार नव्हतो. कालपर्यंत त्या वेशीतल्या विंचवांना शिव्या देणारं गाव ढसाढसा रडायला लागलं. रावजीबुवांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"ह्याच वेशीतून माझी वरात आली व्हती!"

"आन घोड्यावरून कपाळ आपटलं व्हतं तुमचं!" त्यांची म्हातारी मागून बोलली. "टेंगूळ घेऊन बोहल्यावर उभे राह्यले!"

"आपटलं," बुवा हुंदका देत म्हणाले, "पर किती मायेनं आपटलं!"

फैसला झाला. धोंडीरावानं वेस होती तशी बांधून द्यावी. तोवर त्याच्या पोरीच्या लग्नाला गावातलं कुणीही जाणार नाही.

"लग्न?" मामा माझ्याकडं वळून गरजले. "कोनासंगं? ह्याच्यासंगं?"

आता 'होती तशी' म्हणजे कशी, असं गवंड्यानं विचारलं तेव्हा दोन माणसांचं एकमत होईना. कुणी म्हणे कमान गोल, कुणी म्हणे टोकदार. शेवटी बुवाच म्हणाले, "त्या डबड्यात हाय ना वेस? काढा भाईर!" मी फिल्म नांदेडच्या फोटोवाल्याकडं रवाना केली आणि फोटो येईपर्यंत मामांच्या घरात, कुणाच्या नजरेला नजर न देता, राहिलो.

पण माझी कीर्ती पसरली होती. शेजारचा गणपत हळूच ओट्यावर येऊन बसला. "पाहुणं, माझ्या भावाची ती मधली भिंत लई जुनी हाय. आठवण म्हणून एक काढता का?" एकाला सासऱ्याचा माळा नको होता. एकानं तर सरळ आपल्या सासऱ्यालाच आणलं!

मी सगळ्यांना हात जोडले. पण मामींना कसे जोडणार? त्यांचं स्वयंपाकघर धुरानं काळंठिक्कर, एका अंगाला कललेलं. मामा नवीन बांधून देत नव्हते आणि जुनं पडत नव्हतं.

"एकच खटका," मामी म्हणाल्या. "भांडी काढून ठिवलीत म्या भाईर."

भावी सासूला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी पेटीत दुसरी फिल्म घालून अंगणात उभा राहिलो आणि ती पोटाशी धरली. काशी माझ्या बाजूनं काचेत डोकावत होती. (पक्कं व्हायच्या आधी एवढं जवळ! माझं लक्ष कुठं असणार?)

"धुराडं येत न्हाई त्याच्यात," ती म्हणाली. "जरा मागं सरा."

मी सरलो.

"आनखी."

आणखी सरलो.

"आनखी थोडं... अगंबाई!"

माझ्या पाठीला काहीतरी लागलं. ते 'काहीतरी' म्हणजे मामांनी नुकताच बांधलेला नवा गोठा. भिंत अजून ओली होती. ती आणि मी बरोबरच आत गेलो. डोळे उघडले तेव्हा मी शेणात आडवा होतो, म्हैस माझं तोंड हुंगत होती आणि समोर मामींचं स्वयंपाकघर जसंच्या तसं, एका अंगाला कललेलं, उभं होतं!

आवाज ऐकून मामा धावत आले. गोठा पाहिला. मला पाहिलं.

"म्हातारी वेस पाडली," मामांचा आवाज पहिल्यांदाच बसला होता, "आता तरनी बी पाडली! ह्याचं डबडं म्होरनं बी मारतं आन मागनं बी!"

काशी तोंडाला पदर लावून आत पळाली. रडत की हसत, ते मला कळलं नाही. गाव मात्र उघड हसत होतं.

अखेर नांदेडहून पाकीट आलं. दरम्यान चावडीवरच्या गप्पांत वेस वाढत चालली होती. रोज हातभर उंच होई. कमानीवर मोर आले. मोरांच्या बाजूला सिंह आले. अंबारीसकट हत्ती जाईल एवढी ती रुंद झाली.

मी पाकीट फोडलं आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. फोटो स्वच्छ आला होता! पिंपळाचं पान न् पान, गोवऱ्यांवर उमटलेली बोटंसुद्धा! मी अभिमानानं तो रावजीबुवांच्या हाती दिला. बुवांनी तो जवळ धरला, लांब धरला, उलटा धरला.

"ही कोन्या गावची?"

"आपल्याच!"

"आपली एवढुशी व्हती? हिच्यातून हत्ती जाईल का?"

"हत्ती कधी गेला होता, बुवा?"

"गेला न्हाई. पर गेला असता!"

फोटो हातोहात फिरला. "मोर कुठं हायेत?" "ही तर वाकडी हाय!" "आपल्या वेशीला गोवऱ्या? छ्या!" एकमतानं ठरलं, ही वेस आपली नव्हे.

तेवढ्यात मामा उठले. माझ्या मामांना फोटोतलं काही कळत नव्हतं, पण चावडीतलं सगळं कळत होतं.

"थांबा! हा फोटो आपल्या वेशीचा न्हाई, बराबर?"

"बराबर."

"मंग आपल्या वेशीचा फोटो निघालाच न्हाई! आन फोटोच निघाला न्हाई, तर ह्या पोरानं वेस पाडली कशी?"

पंचांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पर खटकन तर वाजलं व्हतं," बुवा पुटपुटले.

"सांग रे!" मामांनी माझ्या पायावर पाय दिला. "तुला फोटो काढता येतो का?"

मी हातातल्या फोटोकडं पाहिलं. असा पुन्हा कधी निघेल याची मला खात्री नव्हती. मग बायकांच्या घोळक्यात पाहिलं. काशी माझ्याकडं डोळे वटारून मान हलवत होती, आडवी.

"न्हाई," मी म्हणालो. "नुसतं वाजतं. निघत काहीच न्हाई."

आरोप खारीज झाला, आणि मामांच्या डोक्यावरची नवी वेसही उतरली. रावजीबुवांनी स्वतः लग्नाचा मुहूर्त काढायला सांगितलं. नालायक ठरून पंचांपुढून सुटलेले लोक पुष्कळ असतील, पण त्याच निकालावर बायको मिळालेला माणूस या मुलखात मी एकटाच!